संतांचे चमत्कार सांगू नका, असं सांगणारा संत : तुकडोजी महाराज

विदर्भातल्या बहुतेक गावांत तुकडोजी महाराजांचा फोटो दिसतो. कुठे ग्रामपंचायतीत, कुठे शाळेच्या भिंतीवर, कुठे चौकातल्या ओट्यावर. भगवी टोपी, हातात खंजिरी. नागपूर विद्यापीठाला २००५ पासून त्यांचं नाव आहे. राष्ट्रसंत म्हणून त्यांना सगळेच ओळखतात. ग्रामगीता लिहिली, भजनं गायली, गाव स्वच्छ ठेवायला सांगितलं, एवढं शाळेत शिकवलंही जातं.

पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हा माणूस चमत्काराच्या विरोधात होता. तेही आडून नाही, तर आपल्या मुख्य ग्रंथात त्यावर स्वतंत्र अध्याय लिहून. आणि ज्या भागाशी त्याचं सगळ्यात जवळचं नातं होतं, त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जादूटोण्याच्या संशयावरून माणसं आजही मारली जातात.

म्हणूनच ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

यावलीचा माणिक

३० एप्रिल १९०९. अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावात बंडोजी आणि मंजुळाबाई यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं माणिक. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण तिसरीच्या आसपास थांबलं. पण पोराला भजनाचं वेड होतं. देवळात भजन सुरू असेल तर माणिक तिथे हमखास सापडायचा.

पुढे वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्याने गुरू मानलं. आडकोजी महाराजांनीच त्याला तुकड्या हे नाव दिलं. पुढे आयुष्यभर त्याच्या भजनांच्या शेवटी तुकड्यादास ही नाममुद्रा येत राहिली. माणिक इंगळे हे नाव मागे पडलं, तुकडोजी हेच राहिलं.

चांद्याच्या जंगलात

चौदा-पंधरा वर्षांचा असताना हा मुलगा घर सोडून निघाला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा. यातली रामदिघी आणि गोंदोडा ही ठिकाणं चिमूरच्या बाजूची, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातली. तेव्हा त्याला चांदा जिल्हा म्हणायचे आणि आजचा गडचिरोलीही त्याचाच भाग होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. ताडोबाचं जंगल जवळच. वाघ, अस्वल, साप आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा.

गोंदोड्याची गुंफा आज तपोभूमी म्हणून ओळखली जाते. तिथे यात्रा भरते, लांबून लोक येतात.

या काळाबद्दल भक्तांमध्ये बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. त्यातली एक प्रसिद्ध आहे. रामदिघीला एका गुहेत त्यांना एक योगी भेटला, त्याने योग शिकवला आणि नंतर तो योगीही दिसला नाही आणि गुहाही. अशा गोष्टी जवळपास प्रत्येक संताच्या चरित्रात असतात.

आता विचार करा. जंगलातून तप करून परतलेला तरुण, गोड गळा आणि भोवती अशा कथा. बुवा व्हायला याहून जास्त काय लागतं? लोक पायाशी यायला तयारच होते. अंगारा दिला असता तरी चाललं असतं. तुकडोजींनी तो रस्ता धरला नाही.

अंगाऱ्याने ताप का उतरतो?

लोक मांत्रिकाकडे का जातात, हा प्रश्न आपण अनेकदा अडाणीपणा म्हणून निकालात काढतो. पण या भागापुरतं पाहिलं तर त्यामागे एक हिशोब दिसतो.

हिवताप घ्या. गडचिरोली अनेक वर्षं राज्यातला हिवतापाचा मोठा जिल्हा राहिला आहे. हिवतापाच्या काही प्रकारांत ताप दिवसाआड येतो. थंडी भरते, अंग तापतं, घाम फुटतो आणि ताप उतरतो. ताप चढलेला असताना कुणी मांत्रिकाकडे नेलं, त्याने झाडपूस केली आणि काही तासांत घाम येऊन ताप उतरला, तर श्रेय कुणाला मिळणार? दोन दिवसांनी ताप परत आला की सांगायला कारण तयार असतं. करणी जबरदस्त आहे, अजून एक कोंबडं लागेल.

साप चावल्यावरही तसंच होतं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी तो पुरेसं विष सोडतोच असं नाही. त्यामुळे मंत्र टाकून उतरवलेल्या दहा जणांपैकी बरेच जण मंत्राशिवायही वाचले असते. पण गाव त्यांना मोजतं मंत्राच्या खात्यात. जो गेला, त्याच्याबद्दल म्हटलं जातं की त्याची वेळच भरली होती. म्हणजे मांत्रिक कधी चुकतच नाही.

आणि सगळ्यात घातक भाग यानंतर येतो. उपचार लागू पडला नाही की मांत्रिकावर उत्तर द्यायची वेळ येते. मग तो बोट दाखवतो. कुणीतरी केलंय. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा एकटी राहणारी म्हातारी, विधवा, गावाशी न पटणारा माणूस किंवा जमिनीवरून भांडण असलेला भाऊबंद. तापाचं कारण डास असतो, शिक्षा माणसाला होते.

या साखळीत दोन गोष्टी गृहीत असतात. काही माणसांकडे अलौकिक शक्ती असते, ही पहिली. ती शक्ती चांगल्यासाठी वापरता येते तशी वाईटासाठीही, ही दुसरी. जो बुवाच्या अंगाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याला शेजारणीच्या करणीवर विश्वास ठेवायला फार वेळ लागत नाही. चमत्काराच्या गोष्टी निरुपद्रवी नसतात, त्या याच कारणाने.

खंजिरी, सेवाग्राम आणि चिमूर

१९३५ मध्ये तुकडोजींनी सालबर्डीला मोठा यज्ञ केला. प्रचंड गर्दी लोटली. म्हणजे सुरुवातीचे तुकडोजी रूढ धार्मिक वाटेवरच होते. त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यात मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, गांधीजींनी त्यांना वर्ध्याजवळच्या आपल्या आश्रमात बोलावलं. तिथे ते महिनाभर राहिले. यानंतर त्यांच्या भजनांतला देव हळूहळू गावात उतरताना दिसतो. झाडू, चरखा, दारूबंदी, शिवाशिव मोडणं असे विषय खंजिरीच्या तालावर येऊ लागले.

माध्यम म्हणून खंजिरीची ताकद त्या काळात मोठी होती. वर्तमानपत्र वाचता येणारे थोडे, रेडिओ मोजक्यांकडे. पण भजन ऐकायला सगळं गाव येतं आणि ऐकलेलं शेतात गुणगुणतं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांची भजनं व्हायरल होती आणि ती पोचवायला नेटवर्क लागत नव्हतं.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये याचा प्रत्यय इंग्रज सरकारला आला. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला, संतापलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. काही दिवस चिमूरवर इंग्रजांची सत्ता चालली नाही. नंतर लष्कर आलं आणि गावावर अनन्वित अत्याचार झाले. अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या पुढे जन्मठेपेत बदलल्या.

चिमूर-आष्टीच्या या उठावामागे तुकडोजींच्या भजनांची प्रेरणा आहे, असं सरकारचं मत झालं. २८ ऑगस्ट १९४२ ला त्यांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवून २ डिसेंबरला सोडण्यात आलं.

तुरुंगातून बाहेर आल्यावर त्यांनी संघटनेचं काम हाती घेतलं. १९४३ मध्ये अखिल भारतीय श्री गुरुदेव सेवा मंडळ सुरू झालं. गावोगावी शाखा निघाल्या. सकाळी ग्रामसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेला जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. ज्या गावांत विहिरी आणि देवळं जातीनुसार वाटलेली होती, तिथे एका सतरंजीवर सगळ्यांनी बसणं ही साधी गोष्ट नव्हती.

ग्रामगीतेतला तो अध्याय

१९५५ मध्ये ग्रामगीता आली. ४१ अध्याय, ४,६७५ ओव्या. भाषा सोपी, शेतकऱ्याला वाचून दाखवली तरी कळेल अशी. भगवद्गीता अर्जुनाला सांगितली गेली, ही गीता गावाला सांगितलेली आहे. विषयांची यादीच बघा. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, जीवनशिक्षण, महिलोन्नती, अंत्यसंस्कार, यात्रा-मेळे. आणि यातच एक अध्याय संत-चमत्कार या नावाचा.

ग्रंथात अनेक ठिकाणी श्रोता शंका काढतो आणि वक्ता तिला उत्तर देतो. चमत्काराची शंका तर प्रत्येक गावात होतीच. संतांनी चमत्कार केले असं पोथ्यांत लिहिलंय, मग खरा संत चमत्कारावरून ओळखायचा ना?

तुकडोजींचं उत्तर थोडक्यात असं आहे. चमत्काराच्या नादी लागून अनेकांचं वाटोळं झालं आहे, त्यामुळे इथून पुढे संतांचे चमत्कार कुणी वर्णूच नयेत. संत ओळखायचा तो त्याच्या वागण्यावरून आणि लोकांसाठी केलेल्या कामावरून. ज्याला हातचलाखी जमते तो जादूगार असू शकतो, तेवढ्याने तो संत ठरत नाही.

हे त्यांनी देव मानणाऱ्या माणसांना, देव मानून सांगितलं. म्हणून लोकांनी ऐकून घेतलं. आणि म्हणूनच त्यातला धाडसाचा भाग लक्षात येत नाही. संताच्या मोठेपणाचा सगळ्यात सोपा पुरावा त्यांनी स्वतःहून रद्द केला होता. त्याचा पहिला फटका त्यांच्याच नावाभोवती तयार होणाऱ्या कथांना बसणार होता.

ग्रामगीतेतले बाकीचे अध्याय याच्याशी जोडून वाचले की त्यांची पद्धत कळते. आरोग्याच्या अध्यायात रोगाचं मूळ गावातली घाण, खराब पाणी आणि चुकीचं राहणीमान यांत शोधायला सांगितलं आहे. प्रारब्धवाद या अध्यायात नशिबावर बोट ठेवून बसणाऱ्यांचा समाचार आहे आणि त्याच्या पुढे प्रयत्नाचं महत्त्व सांगणारा अध्याय येतो. अंत्यसंस्कारावर कर्ज काढून खर्च करू नका, असंही ते सांगतात. म्हणजे करणी नाही असं नुसतं सांगून ते थांबत नाहीत. करणीच्या जागी काय शोधायचं, तेही सांगतात. गटार, विहीर, जेवण, व्यसन.

ही विचाराची दिशा वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या अगदी जवळची आहे. एखादी घटना घडली की आधी साधं, तपासता येईल असं कारण शोधायचं. ते सापडलं तर अदृश्य कारणाची गरज उरत नाही.

मग ते बुद्धिप्रामाण्यवादी होते का?

रूढ अर्थाने नाही. ते ईश्वर मानायचे, प्रार्थना मानायचे, गुरू मानायचे. प्रयोग करून भोंदूंचं पितळ उघडं पाडणं ही त्यांची पद्धत नव्हती. लिंबातून रक्त कसं निघतं, हळदीत चुना मिसळला की लाल रंग कसा येतो, आपोआप पेट घेणाऱ्या वस्तूंमागे कोणती रसायनं असतात, हे गावोगावी करून दाखवण्याचं काम महाराष्ट्रात नंतरच्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने केलं. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ मध्ये नागपुरात स्थापन झाली, तेव्हा तुकडोजींना जाऊन १४ वर्षं झाली होती.

पण या चळवळीला विदर्भात पूर्णपणे कोरडी जमीन मिळाली नाही. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज हे दोघेही अमरावती जिल्ह्यातले. एकाच्या हातात झाडू, दुसऱ्याच्या हातात खंजिरी. नवस, पशुबळी, बुवाबाजी यांवर दोघांनीही आयुष्यभर घाव घातले. देवाला कोंबडं कापू नका, हे बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाने सांगणं आणि आपल्याच बाबाने कीर्तनात सांगणं, यात फरक पडतो.

त्यांच्या मार्गाची मर्यादाही इथेच आहे. संताच्या शब्दावर विश्वास ठेवून एक अंधश्रद्धा सोडणारा माणूस दुसऱ्या बुवाच्या शब्दावर ती परत धरूही शकतो. तपासून पाहण्याची सवय लागली नाही, तर फक्त बाबा बदलतो. आणि ज्यांनी चमत्कार सांगू नका असं लिहून ठेवलं, त्यांच्याच चमत्कारांच्या गोष्टी आज मोबाइलवर फिरतात. ग्रामगीता घराघरात आहे, तो अध्याय मात्र सगळ्यांनी मनावर घेतलेला दिसत नाही.

शेवटची वर्षं

१९५५ मध्येच तुकडोजी जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी गेले. तिसरीपर्यंत शिकलेला विदर्भातला भजनी माणूस जगभरातल्या धर्मप्रतिनिधींसमोर उभा होता. १९५६ मध्ये भारत साधू समाजाच्या कामातही त्यांचा पुढाकार होता. साधूंनी समाजाच्या उपयोगी पडावं, हा त्यांचा आग्रह तिथेही होता. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात ते जवानांना भेटायला सीमेवर गेले. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर मदतीलाही धावले.

मग कर्करोग झाला. उपचार झाले, उपयोग झाला नाही. ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीच्या गुरुकुंजात त्यांचं निधन झालं. वय ५९. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो लोक मोझरीत स्तब्ध उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात.

आजारी संत औषध घेतो आणि इतरांसारखाच मरतो, ही गोष्ट ग्रामगीतेतल्या त्या अध्यायाशी पूर्ण जुळणारी आहे.

आज काय चित्र आहे?

ऑगस्ट २०२१. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातलं वणी खुर्द. भानामती करतात या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. मे २०२४. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातलं बारसेवाडा. जादूटोणा केल्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांना जाळून मारण्यात आलं. पोलिसांनी गावातल्याच १५ जणांना अटक केली.

राज्यात कायदा आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हे सगळं यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. पोलीस ठाण्यातला निरीक्षक हाच या कायद्याखालचा दक्षता अधिकारी असतो, तक्रार त्याच्याकडे करता येते.

याच कायद्यात एक सूट आहे. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणं, त्यांचा प्रचार करणं हा गुन्हा नाही, जोवर त्यातून कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही. लोकशाहीत कायद्याने इथे थांबणं समजण्यासारखं आहे. श्रद्धेच्या गोष्टी सांगणाऱ्याच्या मागे पोलीस लावता येत नाहीत.

पण म्हणूनच ५८ वर्षं आधी, म्हणजे १९५५ मध्ये, तुकडोजींनी केलेली विनंती महत्त्वाची ठरते. कायदा जिथे थांबतो त्याच्या एक पाऊल पुढची ती गोष्ट आहे. ती कुणी सक्तीने करून घेऊ शकत नाही. सांगणाऱ्यानेच सांगायचं थांबवायचं आहे.

गडचिरोलीत ज्यांनी आरोग्याचं काम केलं, त्यांचा अनुभव याला जोडून पाहता येतो. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला, तेव्हा आजारी माणूस आधी गावच्या पुजाऱ्याकडे जायचा आणि अगदीच हाताबाहेर गेलं की दवाखान्यात. बरे झालेले रुग्ण परत गावात दिसू लागले तसा हा क्रम बदलत गेला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. बाळ का गेलं, हा प्रश्न ज्या घरात पडतच नाही, तिथे कुणी केलं हा प्रश्नही पडत नाही.

जंगलातल्या गावात रात्री ताप चढतो. रक्त तपासायला माणूस, गोळी आणि दवाखान्यापर्यंत जायला रस्ता मिळाला, तर मांत्रिकाचं काम आपोआप कमी होतं. ते मिळालं नाही, तर नुसत्या उपदेशाने कुणी थांबत नाही. तुकडोजींच्या ग्रंथात चमत्काराला नकार देणारा अध्याय आणि विहीर, गटार, आरोग्य यांचे अध्याय एकाच बांधणीत आहेत. पुढच्या वेळी कुठल्याही बाबाचा, अगदी तुकडोजी महाराजांचाही, चमत्कार सांगणारा मेसेज आला, तर तो पुढे पाठवण्याआधी हा अध्याय आठवायला हरकत नाही.